तिसऱ्या पिंपाचा वास

रविवार, १२ जानेवारी २०२५

दुपारी सोनल येऊन गेली. समीरच्या गावातच, अमेरिकेत लुइव्हिलला, नोकरी करते. माहेर इथलं, भोपाळचं, कोलार रोडचं. तिच्याबरोबर समीरने पुठ्ठ्याचं खोकं पाठवलं आहे. "मावशी, उभंच ठेवा हं, आडवं नको," असं दोनदा बजावून गेली. चहा घेतला, चिवडा नको म्हणाली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "दिवाळीत त्याला फार ताप आला होता. आता बरा आहे. जरा गप्प असतो एवढंच." मला तो साधी सर्दी म्हणाला होता.

खोक्यात चार छोट्या बाटल्या. हातभर कागदात गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर एक, दोन, तीन, चार असे आकडे आणि खाली प्रूफ, म्हणजे दारूची शक्ती. बरोबर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी:

"आई, या चार वेगवेगळ्या पिंपांतल्या आहेत. पाणी घातलेलं नाही, एकमेकांत मिसळलेल्या नाहीत. यांतलं एकच पिंप निवडायचं आहे, नुसत्या त्याच्याच बाटल्या भरायच्या. तू वास घे, चव घे, जे वाटेल ते लिही. पंधरा फेब्रुवारीच्या आत हवं. समीर."

आईच्या बाहत्तराव्या वर्षी मुलगा तिला दारू पाठवतो आणि चाखून बघ म्हणतो. देवघर स्वयंपाकघरातच असल्यामुळे बाटल्या कुठे ठेवाव्यात ते कळेना. शेवटी गाद्यांच्या कपाटात ठेवल्या.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. संध्याकाळी सातला त्याचा फोन. त्याच्याकडे सकाळचे साडेआठ.

"तिळगूळ घे, गोड बोल," मी म्हटलं.

"उघडलीस का?"

"आज सणाच्या दिवशी?"

"मग उद्या उघड. आई, तुझ्यासारखं नाक मी इथेही कुणाचं पाहिलं नाही. बाबा म्हणायचे ना, वरण तळाला लागायच्या पाच मिनिटं आधी हिला कळतं."

मी म्हटलं, तुमच्या कंपनीत नाकांचा दुष्काळ पडला आहे का? तर हसला. मग म्हणाला, "तुझं मत हवंय, बस."

मला कळतं हे कशासाठी चाललं आहे. वसंत जाऊन आठ वर्षं झाली. म्हातारी एकटी आहे, तिला काहीतरी उद्योग लावून द्यावा. दुसऱ्यांची मुलं आईला कोडी पाठवतात, लोकरीचे गुंडे पाठवतात. याने हे पाठवलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. एकतीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत दारूच तपासली. भोपाळ, मंडला, झाबुआ, कुठून कुठून सीलबंद नमुने यायचे. शक्ती मोजायची, विषारी मिथाइल आहे का पाहायचं, सही करायची. जिभेवर एक थेंबही कधी ठेवला नाही. एका वर्षी एका खेड्यातून अकरा बाटल्या आल्या होत्या, त्या प्यायलेली माणसं आधीच गेलेली. त्या बाटल्यांना काही वेगळा वास नव्हता, हे मला अजून आठवतं. पुढे माझा मुलगा केमिकल इंजिनियर झाला आणि अमेरिकेत जाऊन दारूच्याच कारखान्यात पिंपं निवडायला लागला. सहा महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. इथे नेहरू नगरमध्ये आणि नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांत मी सांगून टाकलं आहे की तो बिस्किटांच्या कारखान्यात आहे. हे त्याला ठाऊक आहे. त्याने कधी विषय काढला नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी दहाला, लीला भांडी घासून गेल्यावर, दार लावून एक नंबर उघडली. त्याने सांगितलं होतं, काही खायच्या आधी, नाक ताजं असताना, आणि ग्लासात नाक खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून वरूनच घ्यायचा.

आमच्या तक्त्यात वासासाठी एक रकाना असायचा. त्यात एकतीस वर्षं मी एकच शब्द लिहिला: "स्वाभाविक". साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की यापेक्षा जास्त लिहायचं नसतं. आजही हात तेच लिहायला गेला.

मग लिहिलं: नवं लाकूड. शाळेतल्या डिंकाची बाटली. थोडी खारीक. बाकी नुसती आग.

संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "डिंक म्हणजे कोरडा की ओला?" मी म्हटलं, ओला, ब्रशला लागतो तसा. पलीकडे त्याच्या पेनचा आवाज येत होता.

"तुला काय वाटलं होतं?" मी विचारलं.

"मी नाही सांगत. तू आधी चारही कर."

मास्तरकी करतो आहे माझ्यावर.

सोमवार, २० जानेवारी

शनिवारी दोन नंबर झाली. ओली गोणपाटं आणि खोकल्याचं औषध. तीन ओळींत संपली.

आज तीन नंबर. तिच्यावर १२७.४ प्रूफ लिहिलं आहे. अमेरिकेचं प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट असतं, म्हणजे त्रेसष्ट पूर्णांक सात टक्के. आमच्या जुन्या मापाने अकराच्या वर ओव्हर प्रूफ, म्हणजे ठरलेल्या शक्तीपेक्षा अकरा टक्क्यांनी जास्त. बाजारातली बाटली असते त्याच्या दीडपट. असा नमुना टेबलावर आला असता तर आम्ही आधी खिडक्या उघडल्या असत्या. समीर सांगतो, गोदामाच्या वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात पिंपातलं पाणीच जास्त उडतं, त्यामुळे वर्षागणिक दारू चढत जाते.

रंग जुन्या मधासारखा. ग्लास तिरका केला की कडेने हळूहळू थेंब उतरतात.

पहिल्यांदा वास घेतला तर डोळ्यांत पाणी आलं. ग्लास ठेवून दिला, खिडकीशी जाऊन उभी राहिले, परत आले. दुसऱ्यांदा आग बाजूला झाली आणि मागे उभे असलेले दिसावेत तसे एकेक पुढे आले. भाजलेलं मक्याचं कणीस. रंधा मारलेलं लाकूड, सुताराच्या पायाशी पडलेलं. चिक्कीचा पाक, गूळ करपायच्या एक क्षण आधीचा, जेव्हा गॅस बंद करायला धावावं लागतं तेव्हाचा. आणि अडकित्त्याने नुकती फोडलेली सुपारी. ती तर इतकी स्पष्ट की मी मागे वळून पाहिलं.

मग चमच्याने अर्धा चमचा जिभेवर घेतला. लिहूनच टाकते. बाहत्तराव्या वर्षी, सकाळी सव्वादहा वाजता, एकटीने.

जिभेचं टोक लवंग चावल्यासारखं बधिर झालं. गिळलं तर छातीपर्यंत एक रेघ ओढत गेलं. खोकला आला. पण त्यानंतर जे राहिलं ते बराच वेळ राहिलं, जायफळाचं गोड आणि मागून सुपारीचं तुरट. ड्रॉपरने चार थेंब पाणी घातलं. मला वाटलं मवाळ होईल. उलट जास्तच बोलकी झाली. पाणी घातल्यावर खारकेची खीर निघाली तिच्यातून.

सव्वाअकरा कधी वाजले कळलं नाही. कुकर लावायचा राहिला.

समीरला सगळं वाचून दाखवलं. त्याने सुपारीपाशी थांबवलं.

"कच्ची की भाजकी?"

"कच्ची. पांढरी."

"आई, परत सांग," म्हणाला. परत सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, इतका वेळ तो माझ्याशी शेवटचं कधी बोलला होता? त्याचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा नाही.

रविवार, २६ जानेवारी

व्हिडिओ कॉल. वाळला आहे. गालाची हाडं दिसतात. मी विचारलं, काय खातोस? म्हणाला, "अंडी, उकडलेले बटाटे, जे हाताला येईल ते. पोट भरायचं काम." हाच मुलगा भाजीत गोडा मसाला कमी पडला तर ताट सरकवायचा.

बोलता बोलता त्याच्या मागे धूर दिसला मला. मी म्हटलं, समीर, मागे काय जळतंय? तो "कुठे?" म्हणून वळला, तोवर छताला लावलेलं धुराचं यंत्र कर्कश ओरडायला लागलं. धिरड्यासारखं काहीतरी तव्यावर ठेवून विसरला होता. चार पावलांवर तवा, आणि याचं लक्ष नाही. आधीपासूनच वेंधळा. कामाचा ताण असेल.

रविवार, २ फेब्रुवारी

आज वैशालीकडे हळदीकुंकू. आमची एक भिंत सामायिक आहे, त्यामुळे हसणं, बांगड्या, उखाणे सगळं ऐकू येत होतं. गेल्या वर्षी ती स्वतः हात धरून घेऊन गेली होती, "काकू, वसंतकाका नाहीत म्हणून तुम्ही नाही यायचं हे माझ्या घरात चालायचं नाही" म्हणून. यंदा बोलावणं आलं नाही. तिच्या सासूबाई नागपूरहून आल्या आहेत, जुन्या वळणाच्या. त्यांनी हरकत घेतली असणार. वैशालीला किती अवघड झालं असेल.

लीलाही हल्ली आली की आधी नाक वर करून उभी राहते. परवा म्हणाली, "अम्मा, आपके यहाँ सुबह-सुबह अजीब बू रहती है." मी म्हटलं, खांसी की दवा है. तिने ग्लास दोनदा विसळला आणि काही न बोलता पालथा ठेवला.

चार नंबरही झाली. चांगली आहे, पण बोलून झालं की गप्प बसते. तीन नंबर अजून बोलत असते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

समीरला सांगितलं: तीन. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, माझ्या सहीने लिहून देते. "मग तीन," म्हणाला. त्याचं स्वतःचं मत मी विचारलं तर म्हणाला, "माझंही तेच."

पिंपातून बाटल्या भरल्या की त्यांच्यावर लेबल चढेल. दोनशेच्या आसपास निघतील म्हणतो. त्या लोकांच्या घरी जातील, आणि ते काय हुंगतील देव जाणे. त्यांना सुपारी कशी कळणार?

रविवार, ९ फेब्रुवारी

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

सकाळी त्याने मोबाइलवर त्याच्या कंपनीतला अहवाल पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ आई, तुझं पिंप मंजूर झालं." मी चष्मा लावून वाचलं. इंग्रजीत, पण शब्दन् शब्द माझा. करपायच्या आधीचा गूळ. रंधा मारलेलं लाकूड. सुपारी सुद्धा, कंसात समजावून. चारही नमुन्यांचं माझंच, एक ओळ जास्त नाही की कमी नाही. आणि खाली: वास व चव परीक्षण, समीर. त्याची सही.

संध्याकाळपर्यंत मला जेवण गेलं नाही. सातला मीच फोन लावला.

"हे काय आहे?"

"काय झालं?"

"तू एक तरी बाटली उघडलीस का? की आईला मोलकरणीसारखं राबवून वर सही ठोकलीस? एकतीस वर्षांत मी न तपासलेल्या नमुन्याच्या कागदावर एकदाही सही केली नाही. वरून दबाव आला तेव्हाही नाही. आणि माझा मुलगा..."

"आई, मी उघडल्या. चारही उघडल्या."

"मग तुझं काय आहे यात?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बोल ना. तुला काय वास आला?"

"काही नाही आला."

मला वाटलं उर्मटपणा करतो आहे. मी आणखी काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही. तो मध्ये तोडत म्हणाला, "काहीच नाही येत आई. दिवाळीच्या तापापासून. दारूचा नाही, कॉफीचा नाही, जळलेल्याचा नाही. पहिले पंधरा दिवस वाटलं सर्दी आहे. मग ऑफिसात सगळे ग्लास घेऊन माना हलवतात तशा मीही हलवायला लागलो. तीन महिने झाले. तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं थोडंसं येतंय. सुपारीचा तर खरंच आल्यासारखा वाटला. परत सांग म्हणालो ना."

तो रडत होता की नाही ते फोनवर कळलं नाही.

मी त्याला वेंधळा लिहिलं आहे वर. खोडत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला आणि आज त्याला सांगितलं. साहेबांकडे जा आणि खरं सांग. तो म्हणाला, "मला काढून टाकतील." मी म्हटलं, टाकतील कदाचित. "तुला तर बरंच वाटेल," म्हणाला. "बिस्किटांच्या कारखान्यात लागेन."

हे त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

फोन त्यानेच ठेवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला वैशाली आली. मी तीन नंबर घेऊन बसले होते, एकदा पुन्हा नीट पाहावं म्हणून. ग्लास लपवायला वेळ मिळाला नाही. तिने पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात हातात घेऊन बसली.

"काकू, मी तुम्हाला मुलीसारखी आहे ना? एकटं राहिलं की माणसाला काहीबाही सवयी लागतात. त्यात लाज नाही. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, खूप छान बोलतात..."

ती काय बोलते आहे हे मला आधी कळलंच नाही. "लीलाने सांगितलं का?"

तिने मान खाली घातली. म्हणजे सासूबाईंनी हरकत घेतलीच नव्हती. गल्लीत पंधरा दिवस मी पिते म्हणून बोलणं चालू होतं आणि मी इथे बसून तिच्या सासूबाईंना बोल लावत होते.

मी म्हटलं, "वैशाली, माझा समीर दारू बनवतो. बिस्किटं नाही. पिंपं निवडण्यात तिथे त्याचं नाव आहे. हे त्याच्या निवडीचं आहे. मी ते त्याच्यासाठी तपासते आहे."

"पण तुम्ही तर..."

"मी खोटं सांगितलं होतं. सगळ्यांना."

तिने ग्लास दोन बोटांत उचलून लांबूनच हुंगला. "गुळासारखा येतो हो," म्हणाली, जरा दचकूनच. गेली लगेच. आता ती हे कुठे कुठे सांगेल ते सांगू दे.

समीरला हे कळवावं असं फार वाटलं. पण तो फोन उचलत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सांगितलं त्याने. काल, त्याच्या वरिष्ठांना, बंद खोलीत. नोकरी गेली नाही. पण परीक्षणाच्या टेबलावरून उठवलं. आता गोदामातल्या तापमानाच्या नोंदी ठेवायच्या. तीन नंबरचं पिंप वेगळं काढणार नाहीत. ज्याचा वास कुणी तपासला नाही असं पिंप एकटं विकता येत नाही. शंभर इतर पिंपांत ओतून टाकणार.

"मी त्यांना सांगितलं की माझ्या आईने तपासलं आहे," तो म्हणाला. "ते म्हणाले, तिचं नाव आमच्या यादीत नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं.

मग मी वैशालीचं सांगितलं. ऐकून घेतलं. "खरंच असं म्हणालीस? पिंपं निवडण्यात नाव आहे म्हणून?"

"हो."

"आता नाही ना राहिलं."

"होतं," मी म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन नंबरमध्ये दोन बोटं उरली होती. आज कुणी विचारलेलं नसताना दहाला उघडली. सगळं जागच्या जागी होतं, कणीस, गूळ, सुपारी. वहीत लिहायला घेतलं आणि कुणाला वाचून दाखवायचं ते कळेना. तशीच झाकण लावून ठेवली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

डॉक्टरने त्याला अभ्यास दिला आहे. चार वास: लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद हुंगायचं आणि तो वास कसा होता ते आठवायचं. वर्षभरात येईल, नाहीतर येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाला. गेले चार दिवस सकाळचा अभ्यास आम्ही दोघं मिळून करतो. तो तिकडे कामावर जाण्यापूर्वी, मी इकडे दिवेलागणीला. मी सेकंद मोजते.

"आला?"

"नाही."

"पुढचा घे."

आज चारही झाले. तो ठेवेल असं वाटलं, पण म्हणाला, "आई, फोन घेऊन जरा घरात फिर ना. जिथे जाशील तिथला वास सांग."

मी स्वयंपाकघरात गेले. दुपारची मेथी, म्हटलं. दुधाच्या पातेल्याची खरवड. ओट्याखाली कांदे, त्यांतला एक सडायला लागलाय, उद्या बघते. मागच्या दारी ओली माती, आणि भिंतीपलीकडे वैशाली लसूण परततेय. मग बाबांचं कपाट उघड म्हणाला. उघडलं. डांबरगोळ्या, लोकर, पट्ट्याचं चामडं.

"बाबांचा नाही येत?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही रे. आता नाही येत."

"हं," म्हणाला. मग: "आणि तुझ्या खोलीत?"

"माझ्या खोलीत कसला वास. आपला आपल्याला थोडाच येतो."

"मला आठवतो."

"काय आठवतो?"

"तू साडेसहाला प्रयोगशाळेतून यायचीस. मी दारातच बसलेलो असायचो. पर्स ठेवायच्या आधी तू माझ्या गालाला हात लावायचीस. त्या हाताला दारूचा वास असायचा."

मी कपाटाचं दार लावलं.

"इथे पहिल्यांदा मला गोदाम दाखवायला नेलं ना, दार उघडलं, आत हजारो पिंपं, अंधार. आणि तोच वास. क्षणभर वाटलं, साडेसहा वाजले."

"काहीतरीच," मी म्हटलं. "मी रोज निघायच्या आधी तीनदा हात धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "साबणाचाही यायचा."